दुधाच्या रिकाम्या टाकीतला आवाज

"दादा, टाकी अजून वाढव," सुरेखा म्हणाली.

मी फेडर वर सरकवला. फेडर म्हणजे मिक्सरवरचं आवाज कमी-जास्त करायचं सरकतं बटण.

"अजून."

आता शब्द कळेनात. नुसता घुमारा ऐकू येत होता. सुरेखाला तेच हवं होतं, आणि त्यामागचं खरं कारण त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

शिरूर कासारच्या अलीकडे एका गावात, सहकारी दूध संस्थेच्या बंद चिलिंग प्लँटमध्ये, म्हणजे दूध थंड करून साठवायच्या जागी, आम्ही बसलो होतो. दोन वर्षं पाऊस नव्हता. जनावरं चारा छावणीत गेलेली, त्यामुळे दूध नव्हतं आणि दहा हजार लिटरची स्टीलची टाकी कोरडी ठणठणीत. सुरेखा ऑफिसात माइकसमोर गायची. ते रेकॉर्डिंग मी टाकीत ठेवलेल्या स्पीकरवर वाजवायचो. टाकीतला दुसरा माइक तो घुमलेला आवाज पकडायचा. मग दोन्ही आवाज हवे तेवढे मिसळायचे. रिकाम्या विहिरीत हाक मारल्यासारखा परिणाम येतो. याला रिव्हर्ब म्हणतात.

सुरेखा गॉथिक रॉक गाते. काळे कपडे, डोळ्यांत जाड काजळ, खालच्या पट्टीतला आवाज, मरणाची नि एकटेपणाची गाणी. पुण्यातल्या बँडमध्ये ती सात वर्षं होती. तो सोडल्यावरचा हा तिचा पहिला स्वतःचा अल्बम. साठवलेले सगळे पैसे तिनं यात घातले होते. हा पडला तर पुन्हा गाणार नाही, असं मला सांगून ठेवलं होतं.

टाकी मिळाली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे संस्थेचे चेअरमन. सुरेखाच्या वडिलांनी बारा वर्षं तिथं दूध घातलेलं, म्हणून त्यांनी कुलूप उघडलं. पहिल्या दिवशी तिला बघून म्हणाले, "काळं कावून घातलंस गं? घरात कोण गेलं का?"

"न्हाई अण्णा, गाण्याचा ड्रेस हाय."

"बरं. टाकीपाशी चपला काढा. दुधाची जागा हाय."

दोन वर्षांत तिथं थेंब पडला नव्हता, तरी आम्ही अनवाणीच वावरलो. काम पहाटे सुरू करायचो, कारण नऊनंतर पत्रा तापला की टाकी टकटक वाजायची. मधेच पाण्याचा टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन धावायचं. तेवढा वेळ रेकॉर्डिंग बंद.

चौथ्या सकाळी अण्णांनी माझे हेडफोन मागितले. त्यात तेव्हा सुरेखाचा नुसता आवाज होता, टाकीविना. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"लई भरीव आवाज हाय की पोरीचा," ते म्हणाले. "मग टाकीत कावून बुडवायलाव?"

सुरेखा हसली. "समोर बसून ऐकायला बरा वाटतो, अण्णा. रेकॉर्डवर पातळ येतो. मशीनला माझा आवाज धरता येत न्हाई. विचारा दादाला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळायला घेतली.

आता सांगतो. त्या बँडचे तिन्ही अल्बम मीच केले होते. पहिल्याच वेळी बँडचा म्होरक्या, जो स्वतःही गायचा, मला बाहेर चहाला घेऊन गेला. "शोला लोक तिलाच बघायलेत," तो म्हणाला. "मिक्समध्ये जरा मागे ठेव." माझ्या स्टुडिओचा तो सर्वांत मोठा क्लायंट होता. मी तिचा फेडर खाली ओढला. आवाजातला खालचा भरीव भाग कापला. वर त्याचा आवाज चढवला. तिन्ही वेळा तेच.

गाताना हेडफोनमध्ये तिला स्वतःचा आवाज ठीक ऐकू यायचा, सीडीवर मात्र पातळ. एकदा तिनं विचारलं, "दादा, असं का होतं?" मी म्हणालो, "काहींचा आवाज माइकला बसत नाही." फेडर ओढल्याचं एवढं नाही, पण हे वाक्य मला लागून राहिलंय. तिनं त्यावर विश्वास ठेवला. बँड सोडला तोही त्याच समजुतीतून, आणि अल्बमला बोलावलं मलाच.

"दादा, जुनं एखादं गाणं लाव ना," ती म्हणाली. "तिथं किती पातळ होता ते अण्णांना कळेल."

"फाइल नाहीये आत्ता." हे खोटं होतं. फाइल त्याच लॅपटॉपवर होती.

अण्णा बाहेर गेले. टँकर आला होता. बाहेर घागरींचा आवाज सुरू झाला. दोघंच उरलो. मी जुनी फाइल उघडली, बाकीचे सगळे ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे साठवलेले आवाज, बंद केले, तिचा एकटीचा चालू केला, न कापलेला. हेडफोन तिच्यापुढे ठेवले.

तिनं ऐकलं. पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. मग स्क्रीनवरच्या फेडरकडे बोट केलं. "हा खाली कोणी ओढला?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरनं?"

मी नाव सांगितलं.

"त्यानं सांगितलं, ठीक. तो तसलाच हाय. पण मी विचारलं तवा तू काय म्हणालतास, आठवतं का?"

"आठवतं."

बाहेरचा गलका थांबला. मग तिनं उठून टाकीतला माइक स्वतः काढून आणला. "पहिल्यापासून घेऊ," म्हणाली. "टाकी नको."

उरलेल्या पाच दिवसांत आम्ही आठही गाणी परत घेतली. माइक तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. ती माझ्याशी कामापुरतं बोलली. शेवटच्या दिवशी हार्ड डिस्क पिशवीत टाकली, अण्णांच्या पाया पडली. मला म्हणाली, "मिक्सिंग दुसरीकडं करते, दादा."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

अल्बम आला. फार गाजला नाही, पण ती अजून गाते, दुसरा करतेय असं ऐकतो. मी तो विकत घेऊन ऐकला. आवाज सगळ्यांत पुढे आहे, भरीव आहे. एकाच गाण्यात शेवटी पहिल्या चार दिवसांतली टाकी ऐकू येते, अगदी थोडी. कव्हरवर माझं नाव 'रेकॉर्डिंग'समोर आहे. 'मिक्सिंग'समोर तिचं स्वतःचं.

स्टुडिओ अजून चालू आहे. "हिला जरा मागे घ्या", "त्याला जरा दाबा" असं सांगणारे अजून येतात. मी नाही म्हणत नाही. फक्त ज्याला दाबायचं त्याला आत बोलावतो, शेजारच्या खुर्चीवर बसवतो आणि सांगणाऱ्याला म्हणतो, आता परत सांगा. बहुतेक जण सांगत नाहीत.