ओव्हरटाइमचा रकाना

सहदेव घाडी माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याने कागदांच्या आधी खिशातून औषधाच्या बाटलीची तीन झाकणं काढून टेबलावर ठेवली. "हे आपलं काम, भाऊ," म्हणाला. जणू झाकणं बघून मी त्याचं रिटर्न भरणार होतो. एकतीस वर्षं मी डोंबिवलीत लोकांचा इन्कमटॅक्स भरतोय. धंद्याची ओळख म्हणून सगळे व्हिजिटिंग कार्ड देतात, झाकणं देणारा हा एकटाच, तीही दर भेटीत. मला माणूस आवडला. मला सहसा माणसं आवडत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्याचा गाळा एमआयडीसीत. दोन मोल्डिंग मशीन, सहा माणसं. मूळचा देवगडकडचा, बारावी नापास, तोंडाने फटकळ. दुपारी कामगारांबरोबर बसून डबा खायचा आणि कुणाच्या भाजीत मीठ कमी आहे तेही सांगायचा. प्लास्टिक वितळवणारी मशीन एकदा थंड झाली की पुन्हा गरम व्हायला दीड तास जातो. त्यामुळे ऑर्डर मोठी असली की मशीन बंद करायची नाही, माणसांनी थांबायचं. म्हणजे ओव्हरटाइम आलाच. तो आजूबाजूचे गाळेवाले देतात तसाच सहदेवही द्यायचा. तास वहीत पेन्सिलीने लिहायचे, सात तारखेला पाकिटात रोख, आणि आमच्या खात्यात तोच खर्च 'प्रवास' म्हणून. कागदावर त्या सहा जणांचा इतका प्रवास व्हायचा की ते दर महिन्याला काशीला जाऊन येत असावेत.

सहदेवला मात्र ते पाकीट डाचायचं. तो स्वतः चौदा वर्षं कोलशेतला एका कंपनीत ऑपरेटर होता. रोज चार-चार तास जादा काम, पैसे पाकिटात. कंपनी बंद पडली तेव्हा सगळ्यांच्या भरपाईचा हिशेब मूळ पगारावर झाला. "भाऊ, माझी अर्धी नोकरी कागदावर नव्हतीच," तो सांगायचा. "मी मशीनवर उभा राहिलेलो ते तास गेले कुठे?" हे त्याने मला दहा वेळा तरी ऐकवलं असेल, आणि दर वेळी त्याचा आवाज चढायचा.

मग एक दिवस तो मोबाइल पुढे करत आला. "भाऊ, अमेरिकेत ओव्हरटाइमवरचा टॅक्स माफ केला म्हणे. आपल्याकडे कधी?"

"सगळा नाही, काही रकमेपर्यंत," मी म्हणालो. चूक दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. "आणि तुमच्या माणसांना टॅक्स लागतोच कुठे? बारा लाखांपर्यंत आपल्याकडेही माफ आहे. ओव्हरटाइम पक्का दाखवलात तरी त्यांच्या खिशातून दमडी जाणार नाही. उलट तुमचाच फायदा होईल."

तो तेव्हा आणखी दोन माणसं घेणार होता. नवी माणसं घेतली, त्यांचा सगळा पगार ओव्हरटाइमसकट बँकेतून दिला, तर त्या खर्चावर मालकाला करात जादा वजावट मिळते. मी त्याला ते समजावलं.

"आणि जुन्या सहा जणांचं?"

सवलतीसाठी त्यांची गरज नव्हती. एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "दोघांचं पक्कं आणि सहा जणांचं कच्चं, शोभतं का? सगळ्यांचं करा. नियमही तोच सांगतो." मला स्वच्छ वह्या आवडतात, ती हौस मी दुसऱ्यांच्या गाळ्यात भागवून घेतली.

सहदेव हरखला. कामगारांना समजवायला मला गाळ्यावर घेऊन गेला, पगाराची छापील स्लिपही दाखवायला घेतली होती. त्यात 'ओव्हरटाइम' असा वेगळा रकाना होता, त्यावरून तो सारखं बोट फिरवत होता. सगळे हो म्हणाले. एक महिपत तेवढा गप्प होता. तो सहदेवचा सर्वांत जुना ऑपरेटर, अकरा वर्षं कामावर असलेला, कल्याणला दोन खोल्यांत राहणारा.

"शेठ, माझं हाय तसंच राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "पाकीट बरं पडतं."

"खुळा आहेस काय? उद्या हा गाळा बंद पडला तर काय दाखवशील? माझ्यासारखा बोंबलत फिरशील!"

"तसं न्हाई. पण कागदावर जास्त दिसलं की कुठंतरी आडतंय, शेठ."

"कुठे अडतं?" मी विचारलं. त्याला सांगता येईना. मला वाटलं, अडाणीपणा. मी त्याला बारा लाखांचं गणित पुन्हा एकदा सांगितलं आणि त्याने सही केली. त्या दिवशी सहदेवने सगळ्यांना वडापाव खिलवला.

त्या वर्षी काम भरपूर होतं आणि महिपतच्या स्लिपवरचा रकाना दर महिन्याला भरलेला असायचा. मार्च संपला. एप्रिलमध्ये त्याच्या बायकोचे, विमलाबाईंचे, पाय बधिर व्हायला लागले. मणक्यात गाठ निघाली. लवकर काढली तर पाय वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या यादीत ती गाठ कुठल्या नावाखाली बसते, हे ठरवण्यातच तीन आठवडे गेले आणि ती बसली नाही. मग कुणीतरी एक मोठं धर्मादाय रुग्णालय सुचवलं. अशा ठिकाणी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सवलतीच्या काही खाटा राखलेल्या असतात. ऑपरेशन तिथेच होणार होतं, खाट रिकामी होती, फक्त उत्पन्न मर्यादेच्या आत असायला हवं होतं.

महिपतचं उत्पन्न मर्यादेच्या अठरा हजार वर निघालं. ओव्हरटाइम वगळला असता तर ते सहज आत बसत होतं.

सहदेव त्याच दुपारी माझ्याकडे आला. उभ्यानेच बोलला. "भाऊ, एक पत्र देतो. ओव्हरटाइम धरू नका, पगार एवढाच, असं लिहितो. महिपत मागतोय."

"बँकेत दिसतंय, पगाराच्या स्लिपवर दिसतंय. खोटं पत्र दिलंत तर तुम्हीही अडकाल आणि तोही."

"अडकलो तर अडकलो! तिचे पाय जातायत."

"मला विचारायला आलात, तर हेच सांगणार," मी म्हणालो. मी बरोबरच बोललो होतो. ते आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते.

त्याने पत्र दिलंच. रुग्णालयातल्या क्लार्कने ते महिपतच्या बँक पासबुकाशेजारी ठेवलं, दोन्ही वाचली आणि पत्र शांतपणे परत केलं. पूर्ण खर्च साडेसहा लाख सांगितला होता. मशीनचे हप्ते चालू असताना सहदेवने दीड लाख उभे केले, महिपतने गावाकडून थोडे आणले. उरलेले जमेनात. शेवटी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नंबर लावला, तारीख नऊ आठवड्यांनंतरची मिळाली. सातव्या आठवड्यात विमलाबाई स्वच्छतागृहाकडे जाताना खाली बसल्या, त्या पुन्हा पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पाय गेले ते गेलेच.

सहदेवला नव्या दोन माणसांवरची वजावट मिळाली. बेचाळीस हजार कर वाचला. मी त्याला आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्कूटरवर बसवून तो कल्याणला महिपतच्या घरी घेऊन गेला. विमलाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सावरला आणि महिपतला चहा ठेवायला सांगितलं.

"विमलाबाई, माझ्यामुळे झालं हे सगळं," सहदेव म्हणाला. त्याचा तो चढा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"तुमची काय चूक, शेठ? तुम्ही खरं तेच लिवलं."

त्यांनी हे मनापासून म्हटलं. टोमणा असता तर आम्हाला सोसला असता. सहदेवने घाईघाईने पाकीट काढून महिपतच्या हातात दिलं. बेचाळीस हजार रोख. महिपतने ते उघडलं नाही.

"हे कागदावर कुठं दाखवणार, शेठ?" त्याने विचारलं. तो चिडला नव्हता, त्याला खरोखरच भीती वाटत होती.

सहदेवने माझ्याकडे पाहिलं. अशा प्रश्नांची उत्तरं देऊन मी घर चालवलंय, पण तेव्हा मी चपला घालायला उठलो. पाकीट महिपतने देवाच्या फळीवर ठेवलं. परतताना सहदेवने स्कूटर दोनदा चुकीच्या रस्त्याला घातली.

सहदेव आता माझ्या टेबलावर झाकणं ठेवत नाही. नव्या मोठ्या ऑर्डरी घेत नाही, एक मशीन विकायला काढली आहे. दुसरीवर महिपत असतो. संध्याकाळी साडेपाच वाजले की तो ती बंद करून निघतो, कारण विमलाबाईंची कूस बदलायला घरी दुसरं कुणी नाही. मशीन थंड होते, सहदेव ती होऊ देतो. महिपतच्या स्लिपवर ओव्हरटाइमच्या रकान्यात दर महिन्याला शून्य येतं. परवा मी त्याच्या यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज काढून पाहिला. आता ते मर्यादेच्या आत बसतं.