मधपेटीवरची काळी फीत

मिसेस गारसाइडनी चहाला बोलावलं तेव्हापासून बेरिल थॉर्पला दुसरं काही सुचत नव्हतं. उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढलेली ही बेरिल निवृत्तीनंतर हाताला चाळा हवा म्हणून खुनाच्या गोष्टी लिहायला बसली आणि त्या चक्क खपायला लागल्या. सगळ्या आपल्याच हॅलोक्रॉफ्ट गावात, तिच्या लहानपणच्या दिवसांत घडणाऱ्या. गावाला त्याचा राग नव्हता. उलट "पुस्तकातला तो चावट खाटीक म्हणजे मीच," असं आमचा खाटीक गिऱ्हाइकांना सांगत सुटायचा. खून पुस्तकात असला की आम्हाला तो चहाबरोबर गोड लागतो.

नव्या पुस्तकात एक बायको नवऱ्याला गिरणीच्या तळ्यात ढकलते आणि काळ्या फितीमुळे पकडली जाते. घरचा माणूस गेला की त्याच्या मधमाश्यांना तसं सांगायचं, पेटीला काळी फीत बांधायची, नाहीतर माश्या पेटी सोडून जातात, हे हॅलोक्रॉफ्टात शेंबडं पोरही जाणतं. पुस्तकातली बायको घाई करते. प्रेत सापडतं संध्याकाळी, फीत दुपारीच बांधलेली असते. ही युक्ती सुचल्याबद्दल बेरिल स्वतःवर भलतीच खूश होती.

फोनवर मिसेस गारसाइड एवढंच म्हणाल्या, "पुस्तक वाचलं तुझं. त्या फितीबद्दल बोलायचंय. एकटीच ये."

फोन ठेवताना बेरिलला उमगलं. युक्ती सुचली नव्हती, आठवली होती. मिसेस गारसाइडचा नवरा सिरिल त्याच तळ्यात बुडाला होता. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. त्याला बाहेर काढलं ते अंधारून आल्यावर. आणि त्याच्या पेटीवरची फीत छोट्या बेरिलने भर दुपारी पाहिली होती. त्या वयात तिने दोन्हींची सांगड घातली नव्हती. ती पुस्तकाने घातली.

"नको जाऊस," तिचे वडील म्हणाले. वॉल्टर थॉर्प नव्वदीला टेकले होते आणि लेकीजवळच राहायचे. "म्हातारी चळलीय. काहीबाही बोलेल."

"न जाऊन कसं चालेल, डॅड? गावात तोंड दाखवायचंय."

मिसेस गारसाइडनी केक कापला. बेरिलने बशी नुसती हातात धरून ठेवली. सुरी टेबलावरच होती आणि तिची नजर तिथून हलेना.

"खा गं. विष तुझ्या पुस्तकातल्या बायका घालतात." म्हातारी हसली नाही. "लोक माझ्याकडे वळून बघायला लागलेत, ठाऊक आहे ना? त्या दिवशी मी बहिणीकडे होते. रात्रीच्या बसने आले. फीत तेव्हा होतीच. वाटलं, सिरिलला बाहेर काढल्यावर कुणा भल्या माणसाने बांधली असेल. दुपारचं मला तुझ्या पुस्तकाने सांगितलं."

बेरिलने बशी टेबलावर ठेवली.

"दुपारी ज्याला ठाऊक होतं, त्यानेच मारलं त्याला. तू पाहिलंस ना, पोरी? कोण बांधत होतं?"

पुस्तकात तिने बाईचे हात लिहिले होते. आता डोळे मिटले तर ते हात बाईचे राहिनात. गारसाइडांच्या परसात ती गेलीच कशाला होती? जेवण झालंय, बापाला हाक मार, म्हणून आईने पाठवलं होतं. सिरिलच्या पेट्यांची निगा वॉल्टरच राखायचा. तो पेटीशी गुडघे टेकून बसला होता. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, ओठ हलत होते. माश्या निघून जातील या धास्तीने त्याला संध्याकाळपर्यंतही दम धरवला नव्हता.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"आठवून लिहिते म्हणून तर मिरवतेस." मिसेस गारसाइड तिच्याकडे बघतच राहिल्या. "आठवलं की ये. तोवर मी मरत नाही."

घराच्या फाटकाशी बेरिल थांबली. वडील खिडकीत वाट बघत होते. हयातभर या माणसाचा हात धरून ती रस्ते ओलांडत आली होती. आज तो असलेल्या घरात शिरायची तिला भीती वाटली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. जुन्या गप्पा."

"हं." त्यांनी तिच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. "आणि पुढच्या पुस्तकात कोण?"

"पुढचं लिहीत नाही, डॅड."

"बरं केलंस," वॉल्टर म्हणाले आणि उठून त्यांनी तिच्यामागचं दार लावून घेतलं.