म्हसोबाचे नारळ

तनुजा मुऱ्हे चाकणच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. धोका आधीच कळावा म्हणून गेटवरच्या फलकावर ‘थोडक्यात टळलेले अपघात’ हा आकडा तिनंच सुरू केला. तो कायम शून्य. साहेब खूश, ही वैतागलेली.

एकदा व्हॉल्व्ह गळून ऑपरेटर मुरारीचा हात भाजता भाजता वाचला.

“कळवलं का नाही, मुरारीभाऊ?”

“म्हसोबानं राखलं न्हवं, मॅडम? त्याला नारळ फोडला की. आता कंपनीचा काय संबंध?”

कुठं डोकं आपटायचं! थकलेली तनुजा आता फलकाकडे बघतच नाही. गेटसमोरच्या म्हसोबापुढं किती करवंट्या पडल्यात, ते बघते.

आज सकाळी रात्रपाळी सुटली, तेव्हा अख्खी पाळी नारळ घेऊन म्हसोबापुढं रांगेत उभी होती.

फलकावर शून्य.