पुतळाबाईंनी माणसांना ऊन दाखवलं

पुतळाबाई पाटील यांचं घर बोनकोडे गावात आहे. घर म्हणजे चार मजली इमारत. खाली दोन गाळे, मधे भाडेकरू आणि सगळ्यात वर त्या, त्यांचा नवरा देवजी, मुलगा हितेश आणि सून सुचिता. पूर्वी याच जागी कौलारू घर होतं, मागे खळं होतं आणि खाडीच्या बाजूला भाताची शेतं होती. शेतं गेली, खळ्यावर शेजारच्यांची बिल्डिंग आली. पण खळ्यावरचं एक काम पुतळाबाईंनी सोडलं नाही. पाऊस गेला की घरातल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवायचं.

पाऊस गेला हे त्या हवामान खात्यावर सोडत नाहीत. गच्चीवर चतुर यायला लागले, चार पंखांचे, हेलिकॉप्टरसारखे, की त्या उभ्या उभ्या वीसपर्यंत मोजतात. वीस भरले की खाली येऊन सांगतात, "पाऊस गेला. उद्यापासून काढा सगला भायेर."

मग घट बसायच्या आधीचे चार-पाच दिवस गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. गोधड्या, तांदूळ, सुके बोंबील, हळकुंडं, चपला, लग्नातला शालू, सासू-सासऱ्यांचे फोटो. हितेशच्या दहावीच्या मार्कशीटलासुद्धा दरवर्षी अर्धा तास ऊन मिळतं. तांदळाचा दाणा दाताखाली धरून पुतळाबाई ठरवतात, झाला की नाही. बाकी वस्तूंचा त्या वास घेतात.

गेल्या वर्षी पाऊस लांबला. चार महिने देवजी घरातच बसून होते. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, बातम्यांचा चॅनल आणि लाकडी खुर्ची. चतुर आले त्या दिवशी पुतळाबाईंनी खुर्चीच्या पायावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी बुरशी लागली.

"उठा. खुर्ची वर न्यायचीय."

"बातम्या संपू दे," देवजी म्हणाले.

पुतळाबाईंनी वाकून खुर्चीच्या पाठीचा वास घेतला. मग त्याच ओघात देवजींच्या खांद्याचा घेतला. थोडा वेळ विचार केला आणि हितेशला हाक मारली. "हितेश, ह्यांना खुर्चीसकट उचल. हे पन ओले झालेत."

हितेशला वाटलं आई चेष्टा करतेय. पण आईने गेल्या तीस वर्षांत एकदाही चेष्टा केल्याचं त्याला आठवेना. त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या प्रसादला बोलावलं आणि दोघांनी मिळून देवजींना गच्चीवर नेलं. पुतळाबाईंनी त्यांना तांदूळ आणि गोधड्यांच्या मधोमध चटईवर निजवलं. तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पंचा टाकला आणि त्या बोंबील उलटायला गेल्या.

पाऊण तासाने परत आल्या, देवजींच्या कानाची पाळी चिमटीत धरून बघितली. थंड लागली.

"दुसरी बाजू करा," त्या म्हणाल्या.

देवजी पालथे झाले. पंच्याच्या आतून आवाज आला, "पुतळा, मना पवता येत नाय."

इथे सांगायला हवं, की देवजी पाटील हे पोहण्यासाठी गावात प्रसिद्ध आहेत. चाळीस वर्षांपूर्वी खाडीत होडी उलटली होती आणि देवजींनी उडी मारून दोन माणसांना बाहेर काढलं होतं. ग्रामस्थ मंडळ दरवर्षी दसऱ्याला त्यांचा शाल देऊन सत्कार करतं. त्याच शाली त्या क्षणी शेजारच्या दोरीवर ऊन खात होत्या.

"मग तवा?" पुतळाबाईंनी विचारलं.

"मी काय बघायला गेलतो. पाय घसरला. ओहोटी होती, पानी कमरेएवढा. मी बोंबललो, तवा ते दोघं मना वाचवायला माझ्याकडं आले, आनी आमी तिघं चालत भायेर आलो. वर आल्यावर ते बोलले, देवजी आला म्हनून आमी वाचलो. मी काय बोलनार?"

पुतळाबाईंनी पुन्हा कानाची पाळी धरली. गरम होती. "झाले," त्या हितेशला म्हणाल्या. "ह्यांना खाली ने. खुर्ची ऱ्हाऊ दे, ती अजून ओली हाय."

प्रसाद हे सगळं उभा राहून ऐकत होता. मूळचा कराडचा, तीन वर्षं घरूनच नोकरी, दिवसभर कानात हेडफोन. तो म्हणाला, "काकू, मी पण झोपू का जरा?"

"लॅपटॉप आन. तो पन सादळला आसंल."

प्रसाद उताणा असताना काही झालं नाही. पालथा झाल्यावर सतराव्या मिनिटाला तो उठून बसला. "काकू, आमची कंपनी नक्की काय बनवते ते मला माहीत नाहीये."

"कोनाला तरी विचार."

त्याने सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारलं. साहेबांनी प्रश्न चांगला असल्याचं सांगितलं आणि तो त्यांच्या वरच्या साहेबांना पाठवला. मग त्यावर एक समिती नेमली गेली आणि प्रसादला तिचा प्रमुख केलं. बढती झाली म्हणून त्याने घरमालकांकडे पेढे आणून दिले. पण कंपनी काय बनवते ते अजून कळलेलं नाही.

गच्चीवरची ही बातमी लपून राहणं शक्य नव्हतं, कारण पलीकडच्या टॉवरमधून पुतळाबाईंची गच्ची सरळ दिसते. तिथल्या कमिटीतर्फे स्मिता बर्वे नावाच्या बाई आल्या. हातात मोबाइलवर काढलेले फोटो.

"हे बघा, आमच्या ग्रुपवर खूप चर्चा चाललीय. तुम्ही गच्चीत माणसं वाळत घालताय."

"दोरीवर नाय घातली," पुतळाबाई म्हणाल्या. "चटईवर हायत."

"प्रश्न चटईचा नाहीये हो. बाल्कनीतून मुलं बघतात, विचारतात, हे कोण आहे, ते काय करताहेत. आम्ही काय उत्तर द्यायचं?"

"ऊन दाखवतात, सांगा."

स्मिताबाईंनी आजूबाजूला बघितलं. गोधड्यांचा वास चांगला येत होता. मोबाइल पर्समध्ये ठेवत त्यांनी आवाज खाली केला. "साधारण किती वेळ ठेवायला लागतं? आमच्या सासूबाई आहेत. तशा बऱ्या आहेत, पण जुलैपासून जरा..."

"आना. उशी तुमची तुमी आना."

सासूबाई आल्या, दोन्ही बाजूंनी वाळल्या आणि स्मिताने केलेलं वरण आपल्याला पहिल्यापासून आवडत आलंय असं सांगून मोकळ्या झाल्या. स्मिताबाई जिन्यात बसून रडल्या. कमिटीने तो विषय अजेंड्यावरून काढून टाकला.

इकडे देवजींना चैन पडेना. एकदा खरं बोलल्यावर शाली घरात ठेवणं त्यांना जमेना. एके दिवशी त्यांनी सगळ्या शाली दोन पिशव्यांत भरल्या आणि ते मंडळाचे अध्यक्ष सुभाषशेठ यांच्याकडे गेले. पाणी कमरेएवढं होतं इथपासून सगळं सांगितलं.

सुभाषशेठनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तुमाला पवता येत नवता?"

"नाय."

"आनी तरी तुमी पान्यात गेले?"

"पडलो."

"ते तुमी सांगताय. तुमचा मोठेपना हाय." सुभाषशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "पवनारा मानूस काय, कोन पन उडी मारंल. ह्या वर्षी फेटा पन बांधू."

बॅनर छापायला गेलेलाच होता. त्यावर फक्त एक ओळ वाढली: पोहता येत नसतानाही. देवजी दोन्ही पिशव्या घेऊन परत आले. पुतळाबाईंनी शाली मोजून कपाटात ठेवल्या आणि नव्या शालीसाठी जागा केली.

शेवटच्या दिवशी सुचिताने विषय काढला. सुचिता ऐरोलीच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे आणि तिला कोणाचं राहिलंय ते लगेच दिसतं. "आई, सगळ्यांना ऊन दाखवून झालं. तुमचं कधी?"

"मना कशाला? मी तं रोजच उनात आसते."

"तुम्ही उभ्या असता. पालथ्या कुठे असता?"

पुतळाबाई थोड्या रागावूनच चटईवर आडव्या झाल्या. पाच मिनिटांत दोनदा उठून त्यांनी तांदळावर हात फिरवला. तिसऱ्यांदा उठल्या नाहीत. सुचिता बघायला गेली तेव्हा त्या डोळे मिटून पडल्या होत्या. सासू दिवसाची आडवी झालेली तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. ती आवाज न करता खाली आली.

तीन वाजता पारसिकच्या डोंगरामागून एक काळा ढग आला आणि कोणाला न विचारता फुटला. एकच धावपळ उडाली. हितेशने तांदूळ उचलले, सुचिताने गोधड्या, प्रसादने फोटो आणि लॅपटॉप. बोंबील एका खेपेत येईनात म्हणून हितेश पुन्हा गेला. देवजी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून सगळं मोजून आत घेत होते.

"सगळं आलं?" हितेशने विचारलं.

"सगला आला," देवजी म्हणाले. दार लावलं. सगळे खाली येऊन डोकी पुसत बसले. पाऊस मोठा होता, सगळं वाचल्याचा आनंदही मोठा होता. दहा मिनिटांनी देवजी म्हणाले, "आता च्या कोन करनार?"

तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

पुतळाबाई चटईवर बसून होत्या. लुगड्यातून पाणी निथळत होतं, नाकाच्या शेंड्यावरून धार लागली होती. सुचिताने छत्री धरली तशी त्यांनी ती बाजूला केली.

"आई, आम्हाला वाटलं तुम्ही खाली आलात. तुम्ही ओरडला का नाही?"

"मी जागीच होते. बघत होते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "बोंबील न्यायला हितेश दोनदा आला. माझ्यावरनं उडी मारून गेला."

हितेश खाली मान घालून उभा राहिला. पुतळाबाईंनी पदर पिळला. "मना बोलायचा होता, मी पन हाय. पन तोंडातनं आवाजच निघंना. सवय नाय." मग त्या उठल्या. "आता परत वालवायला लागंल."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. गच्चीवर दुसरं काहीही काढायचं नाही असं देवजींनी सांगितलं. गुडघे दाबत ते स्वतः जिना चढून वर आले, कोरडी चटई घातली, पंचा पसरला आणि शेजारी पाटावर बसून राहिले. अर्ध्या तासाने म्हणाले, "दुसरी बाजू कर."

पुतळाबाई पालथ्या झाल्या. बराच वेळ गेला. देवजींनी हलकेच कानाची पाळी धरली. कितपत गरम असावी लागते ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून धरूनच ठेवली.

"ऐकताय?"

"हाव."

"मना भात आवडत नाय."

देवजींचा हात थबकला. आगऱ्याच्या घरात जन्मलेली, भाताच्या शेतात लावणी केलेली, एकोणपन्नास वर्षं दोन वेळा भात रांधलेली बाई. त्यांनी आधी गच्चीचं दार नीट लागलंय का ते बघितलं.

"कवापासून?"

"पयल्यापासून. कोनी विचारला नाय. मीच मना विचारला नवता. आता पडल्या पडल्या विचारला, तं बोलले, नाय आवडत."

"मग काय आवडतंय?"

"ते काय म्हाईत? भातच खाल्ला."

त्या संध्याकाळी प्रसादने गव्हाची पिशवी आणली आणि सुचिताने चपात्या लाटल्या. हितेश दोनदा म्हणाला, आई, हे गावात कोणाला सांगू नको. पुतळाबाई पाट घेऊन बसल्या, पहिला तुकडा मोडला, बोंबलाच्या कालवणात बुडवला आणि डोळे बारीक करून सावकाश चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"जेवा की," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडाकडं काय बघता?"

देवजींनी आपलं भाताचं ताट उचललं आणि जरासे वळून भिंतीकडे तोंड करून बसले. कोणाचा उपास असताना त्याच्यासमोर जेवायला संकोच वाटावा, तसे.