कोळशाचा वांधा

व्याह्यांनी मला कोळसा देतो म्हणून सांगितलं आणि दिला नाही. कोळसा म्हणजे लाकडाचे दोन काळे ठोकळे, बोटाच्या पेरापेक्षा लहान. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरातले बाकी सगळे ही गोष्ट ठोकळ्यांच्या आकारापासून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. आकाराबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

मी कांद्याचा व्यापारी. वडील मळ्यात मेथी-कोथिंबीर करायचे आणि पहाटे डोक्यावर गाठोडं घेऊन बाजारात बसायचे. मी कांद्यात शिरलो तेव्हा माझ्याकडे खळं नव्हतं, गाडी नव्हती, ओळख नव्हती. आवाज होता. लिलावात आवाज लागतो. पुढे खळं झालं, गाड्या झाल्या आणि आवाज तसाच राहिला. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडला आणि विचारलं, धंद्याशिवाय तुम्ही काय करता? मी म्हणालो, झोपतो. ते म्हणाले, डोक्याला काहीतरी विरंगुळा द्या, नाहीतर गोळ्या वाढवतो.

मुलीने ते ऐकलं. ती नाशिकरोडला दिलेली. जावयाला खेळांच्या खोक्यांचा नाद आहे. लग्न ठरवताना आम्ही मुलाला दारू आहे का, तंबाखू आहे का, सगळं विचारलं होतं. खोक्यांचं विचारायचं कोणाला सुचलं नाही. त्याच्या घरी कपाटभर खोकी आहेत. जाड पुठ्ठ्याचे पट, लाकडी घरं, पत्ते, ठोकळे. मला वाटलं, सापशिडीचा प्रकार असेल. पहिल्यांदा बसलो तो मुलीचं मन राखायला.

खेळ असा होता. प्रत्येकाने आपापलं गाव वसवायचं. त्यासाठी लाकूड, दगड, कापड, कोळसा लागतो. प्रत्येक फेरीत पत्त्यांवर थोडाफार माल मिळतो, तो कधीच पुरत नाही, म्हणून आपसात अदलाबदल करायची. सगळ्यात आधी ज्याचं गाव पूर्ण होईल तो जिंकला. एक फेरी झाली आणि माझ्या लक्षात आलं की हे सगळे लोक अतिशय स्वस्तात माल देतात. जावई एका कापडाच्या बदल्यात दगड द्यायचा, का, तर समोरच्याला हवाय म्हणून. विहीणबाई तर मागितल्यावर लगेच द्यायच्या आणि वर 'अजून हवंय का' विचारायच्या. मी त्या दिवशी जिंकलो. घरी येताना गाडीत मी गाणं म्हणत होतो, असं ड्रायव्हरने बायकोला सांगितलं.

मला काय आवडलं, हे सांगायला हवं. कांदा घेतला की तो तुमच्याकडे बघत सडायला लागतो. रात्री पाऊस आला तरी तुमचा, निर्यात बंद झाली तरी तुमचा. ठोकळा सडत नाही. त्याला वास येत नाही, कोंब फुटत नाही. घासाघीस मात्र तीच. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला निव्वळ घासाघीस मिळाली, माल वजा करून.

प्रश्न वेळेचा होता. रविवारी मार्केट बंद असतं, पण खळं बंद नसतं. माल निवडायचा, भरायचा, गाड्या लावायच्या. माझा मोकळा दिवस महिन्यात एकच, अमावास्या. आमच्या मार्केटला अमावास्येला लिलाव होत नाहीत, पूर्वीपासूनची रीत. त्या दिवशी कोणी साखरपुडा करत नाही, वास्तुशांत करत नाही, नवी गाडी दाखवायला आणत नाही, म्हणून मला कोणी बोलावतही नाही. दिवस पूर्ण माझा. मी मुलीला सांगितलं, दर अमावास्येला येतो. विहीणबाईंना आधी ते जरा अवघड गेलं. मुलीचा बाप महिन्यातून एकदाच येतो आणि तोही मुहूर्त शोधून अमावास्येला, हे शेजाऱ्यांना कसं सांगायचं हा त्यांचा प्रश्न होता. मग त्यांनी त्या दिवशी भरीत-भाकरी करायला सुरुवात केली आणि विषय मिटला.

आता व्याही. ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्यभर रेल्वेच्या वाघिणीच्या वाघिणी कोळसा त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामा झाला. हे लक्षात ठेवा. अत्यंत शांत माणूस. खेळायला बसण्याआधी ते नियमांचं पुस्तक चष्मा लावून वाचतात आणि खाली पेन्सिलीने रेघा मारतात. मला 'आपण' म्हणतात. मी मुलीचा बाप, ते मुलाचे. मार्केटमध्ये मी ज्या आवाजात बोलतो, तो त्यांच्या उंबऱ्याबाहेर चपलांसोबत काढून ठेवावा लागतो.

त्या अमावास्येला माझ्याकडे लाकूड भरपूर होतं. व्याह्यांना त्यांची वखार पूर्ण करायला एक लाकूड कमी पडत होतं. मला कोळसा हवा होता, तो त्या वेळी त्यांच्याकडे नव्हता.

"आपण आत्ता लाकूड द्या," ते म्हणाले. "पुढच्या फेरीत मी आपल्याला दोन कोळसे देतो."

"नक्की?"

"देतो म्हटलं ना."

मी लाकूड दिलं. पुढच्या फेरीत त्यांच्या पत्त्यावर दोन कोळसे आले. त्यांनी ते उचलले, आपल्या पटावर ठेवले आणि भट्टी बांधली.

"व्याही," मी म्हणालो, "कोळसा."

"अहो, भट्टी राहिली होती."

"तुम्ही देतो म्हणाला होतात."

त्यांनी पुस्तक उघडलं. रेघ मारलेली ओळ लगेच सापडली. पुढे माल देण्याचं वचन खेळाडूंवर बंधनकारक नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं, मला स्वतः वाचता यावं म्हणून.

"मग देतो कशाला म्हणालात?"

"तेव्हा द्यायचंच मनात होतं."

आमच्याकडे असं चालत नाही. लिलावात तोंडातून भाव निघाला, शेतकऱ्याने मान हलवली, की सौदा झाला. मागच्या ट्रॅक्टरला भाव कमी निघाला तरी तुम्ही बोललेला भाव द्यायचा. मी असा कितीतरी माल घेतलाय, जो घेतल्यावर तासाभरात मला नको झाला होता. मी दोन्ही हात पटाच्या कडेला ठेवले आणि म्हणालो, "मी वांधा काढतोय."

वांधा म्हणजे आमच्या मार्केटचा शब्द. माल खाली करताना काही वेगळं निघालं की व्यापारी वांधा काढतो. मग काम थांबतं, चार माणसं येऊन माल बघतात, निवाडा करतात, त्यानंतरच पुढचं.

"पप्पा, इथे वांधा नसतो," मुलगी म्हणाली.

"मग काय असतं?"

"इथे आपण खेळतो."

जावई म्हणाला, "पप्पा, तुमची चाल आहे." विहीणबाई आतून म्हणाल्या, "पानं घेऊ का?" कोणीही माल बघायला आलं नाही. मी आवाज चढवला नाही, हे सगळे मान्य करतात. मी उठलो, चपला घातल्या आणि निघालो. पानं वाढलेली होती.

मुलीच्या सासरहून बाप न जेवता उठून गेला, याचा अर्थ आमच्यात एकच होतो, आणि तो अर्थ कोळशाशी जुळत नाही. मी द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलेलो असतानाच बायकोचा फोन आला. "अहो, ते तिला काही बोलले का? हुंडा-बिंडा?" मी म्हणालो, कोळसा. तोवर पेठपासून सिन्नरपर्यंत तीन मावश्यांना कळलं होतं.

पुढच्या अमावास्येआधी मुलीचा फोन आला. ती लहानपणापासून माझ्यासारखी बोलते, म्हणजे आधी अट.

"पप्पा, मला या घरात राहायचंय. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत पटावर बसणार आणि मी मधे भाकरी वाढणार, हे मला जमणार नाही. तुमचं मिटलं की या."

"मिटवायचं त्यांनी."

"मग ते मिटवतील तेव्हा या."

ती अमावास्या मी घरी काढली. मोबाईलवर तसाच एक खेळ मिळतो. खेळलो. मोबाईल भाव करत नाही, नुसतं हो किंवा नाही म्हणतो. बायकोला खेळतेस का विचारलं, ती म्हणाली, तुमच्याशी मी संसारात भाव केला तेवढा पुरे. संध्याकाळी कळलं की माझ्या खुर्चीवर त्यांच्या शेजारच्या बँकवाल्यांना बसवलं होतं. "फार गोड माणूस," जावई फोनवर म्हणाला. "जे मागू ते देतात." मला त्या माणसाबद्दल काही म्हणायचं नाही. पण जे मागेल ते देणारा माणूस घासाघिशीच्या खेळात बसवणं म्हणजे खेळाचं वाटोळं आहे, एवढं मी जावयाला सांगितलं. दुसरी अमावास्याही अशीच गेली. इकडे मार्केटमध्ये चर्चा सुरू झाली होती की अमावास्येलाही लिलाव सुरू करावेत, लोकांची सोय होईल. तसं झालं असतं तर मिटून तरी मी कुठे जाणार होतो.

त्यानंतर एका सकाळी व्याही खळ्यावर आले. एसटीने. न सांगता. मी गडबडीने खुर्ची पुसून घेतली, चहा मागवला.

"काही काम होतं का?"

"सूनबाई सारखं म्हणते, पप्पांचा वांधा राहिलाय. म्हटलं, वांधा म्हणजे नक्की काय असतं ते बघून यावं."

त्याच वेळी एक ट्रॉली खाली होत होती. लिलावात वरून माल फार चांगला दिसला होता, भावही मी चांगला बोललो होतो. आता तळाकडून गोल्टी निघायला लागली. गोल्टी म्हणजे बारका कांदा, त्याला तो भाव मिळत नाही. मी हात वर केला. वांधा. काम थांबलं. शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून आला.

"शेठ, लिलावात उघड्या डोळ्यांनी पाहिला ना माल?"

"वरचा पाहिला. खालचा तू दाखवला नाहीस."

"ट्रॉली काय उलटी करून दाखवू का लिलावात? थोडीशी गोल्टी सगळ्याच मालात हाय. भाव कमी नाय होणार."

व्याही चहाचा कप घेऊन ढिगाजवळ आले. त्यांनी एक बारका कांदा उचलला, एक मोठा उचलला, दोन्ही पाहिले.

"आपण लिलावात भाव बोलला होता?" त्यांनी मला विचारलं.

"बोललो होतो."

"यांनी मान हलवली?"

"हलवली," शेतकरी म्हणाला.

"मग आता कमी कसा होतो?"

"व्याही, वांधा नियमात आहे," मी म्हणालो.

म्हणून झाल्यावर मी थांबलो. व्याह्यांनी चहाचा घोट घेतला. "हं," ते म्हणाले. "नियमात आहे."

शेतकऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण आपल्या बाजूने कोणीतरी आलंय हे त्याला दिसलं. "बाबा बरोबर बोलत्यात, शेठ. एकदा भाव बोलला का बोलला." मला त्या माणसावर ओरडायचं होतं. पण तो आता व्याह्यांच्या शेजारी उभा होता, आणि व्याह्यांच्या अंगावर जाईल असा आवाज मला काढता येत नव्हता. माझा वांधा खरा होता, हे मी आजही सांगतो. मार्केटची माणसं आली असती तर निवाडा माझ्याच बाजूने झाला असता. पण मग व्याही कप खाली ठेवून शांतपणे एसटीने परत गेले असते आणि आयुष्यभर बरोबर ठरले असते.

"ठरलेला भाव दे यांना," मी काट्यावरच्या माणसाला सांगितलं. त्याने दोनदा विचारलं. शेतकऱ्यालाच शंका आली. त्याने आपल्या ट्रॉलीत पुन्हा डोकावून पाहिलं.

मग मी व्याह्यांकडे वळलो. "माझा शब्द मी पाळला. आता तुमचा."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "एक देतो."

"दोन ठरले होते."

"तो डाव संपला हो. माझी परिस्थिती बदलली."

"माझी बदलली नव्हती? तो ढीग बघा."

त्यांनी ढीग पाहिला. "बरं, दोन. पण घरी येऊन घ्यायचे. आणि जेवून जायचं."

"आधी कोळसा, मग जेवण."

"खेळ संपायच्या आत देतो," ते म्हणाले. "जेवण त्यानंतर." आणि हात पुढे केला. मी हात मिळवला. घरी जाऊन बायकोला सांगितलं की व्याह्यांना दोनवर आणलं.

पुढच्या अमावास्येला तरी लिलाव बंदच होते. बँकवाल्यांना वेगळी खुर्ची मिळाली, मला माझी. पहिली फेरी झाली, व्याही काही बोलले नाहीत. दुसरी झाली. मला कोळशाची गरज होती तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पत्ते लावत होते. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी विचारणार होतो, पण ठरल्याची मुदत अजून संपली नव्हती. खेळ पुढे जात राहिला आणि मला हळूहळू आठवायला लागलं की मी खळ्यावर नेमकं कशाला हो म्हटलं होतं.

शेवटच्या फेरीत माझी चाल होऊन गेली. राहिली फक्त त्यांची. त्यांचं गाव पूर्ण व्हायला, म्हणजे ते जिंकायला, एकच घर उरलं होतं, आणि ते ठेवण्याआधी त्यांनी दोन काळे ठोकळे दोन्ही हातांनी, अदबीने, माझ्यापुढे ठेवले.

"खेळ संपायच्या आत," ते म्हणाले.

त्या ठोकळ्यांनी मला आता काहीही बांधता येणार नव्हतं. जावई पटाकडे बघत होता, बँकवाले छान छान म्हणत होते. मुलगी ताटं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढेही येत नव्हती, मागेही जात नव्हती. माल मोजून बरोबर होता. मुदत बरोबर होती. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांशी असे सौदे करत आलोय आणि असा एकही माझ्या अंगावर आला नव्हता.

मी ठोकळे उचलून खोक्यात त्यांच्या कप्प्यात ठेवले आणि हात धुवायला उठलो. ताटावर बसलो तेव्हा व्याह्यांना विचारलं, तुम्ही कांद्यात का नाही आलात.

"मला वास सहन होत नाही," ते म्हणाले आणि भरिताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी वाढून घेतलं.