काय भरलं?

या सदरातले गूढ अनुभव मी कित्येक वर्षं वाचतेय, पण फक्त खाली कॉमेंट टाकण्यासाठी. ‘वारा कुठल्या दिशेचा होता? आदल्या रात्री झोप झाली होती का? सोबतच्या माणसाला वेगळं बसवून विचारलंत का?’ असले प्रश्न विचारून सगळ्यांची मजा घालवणारी जी एक बाई इथे असते ना... ती मी. त्यामुळे आज माझी पाळी आहे. मनसोक्त विचारा. ते सगळे प्रश्न मी स्वतःला विचारून थकले आहे.

आधी माझं घर सांगते. आई-बाबा दोघंही यवतमाळला सरकारी नोकरीत. ऑफिस सुटलं की दोघांचं दुसरं काम सुरू व्हायचं – पत्रकं लिहायची, छापायची, वाटायची. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाणवठ्यावरच्या शिवाशिवीविरुद्ध. मला अक्षरओळख पाठ्यपुस्तकातून झालीच नाही, पत्रकांच्या घड्या घालता घालता झाली. घाटंजीच्या आठवडी बाजारात ‘भूत दाखवा’ म्हणून ओरडत मी पत्रकं वाटली आहेत. गाडीला लिंबू-मिरची टांगणाऱ्या माणसांशी भर चौकात भांडले आहे. आणि पत्रक लिहिताना बाबांचा नियम एकच असायचा – जे पाहिलं तेच लिहायचं, आपल्या सोयीचं असो वा नसो. केवळ त्या नियमापायी हे लिहितेय.

प्रवीण राठोड हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. महागाव तालुक्यात, फुलसावंगीच्या पुढे डोंगरात त्याचा बंजारा तांडा आहे. तांड्याचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच रीळ बनवणाऱ्यांची जत्रा नको. प्रवीणच्या डोक्यात एक वेड आहे आणि त्याचं मला फार कौतुक वाटतं. लांबून सामान लादून येणाऱ्या सायकलस्वारांसाठी त्याला या डोंगरांतून वाट जुळवायची आहे. फुलसावंगीकडून निघायचं आणि घाटंजी, पुढे केळापूर असं जायचं, पण गाड्यांच्या रस्त्यावरून नाही. पांदण, बैलगाडीची चाकोरी, सागाच्या जंगलातली पायवाट, नाल्याचा काठ – असे तुकडे जोडत. मोठा रस्ता आडवा आला तर ओलांडायचा, त्याच्यावरून चालवायची नाही. रात्री तांड्यावर मुक्काम, ज्वारीची भाकर, ठेचा. मिळणारा पैसा तांड्याचा.

हे हायवे टाळणं त्याच्यासाठी हौसेचं नाही. त्याचा मोठा भाऊ विलास सायकलनं कॉलेजला जायचा. हायवेवर एका टिप्परनं त्याला मागून उडवलं. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा आखडला. तेव्हापासून त्यांच्या आईनं – याडी म्हणतात ते, मीही याडीच म्हणते – एक अट घातलीय. “पाव्हणे आण, रांधून घालतो. पण तुह्या त्या वाटेत हायवेचा एक तुकडाबी आला, तं माह्या चुलीवर त्यायच्यासाठी तवा चढणार नाही.” आणि याडी बोलली म्हणजे बोलली.

सगळी वाट जुळली होती. एक तुकडा सोडून. दोन नाल्यांच्या मधला एक डोंगर. तिथे फोनच्या नकाशावर नुसता हिरवा रंग. डोंगराला वळसा घालायचा तर हायवे, आणि सरळ चढायचं तर सायकल खांद्यावर. दोनदा आम्ही खांद्यावर नेऊन पाहिली होती. वर पोचेपर्यंत माझ्या तोंडून जी भाषा निघाली ती कुठल्या पत्रकात छापता येणार नाही. पहिले पाव्हणे पुढच्याच आठवड्यात येणार होते. आम्ही शेवटचं एकदा शोधायला निघालो; त्या दिवशीही वाट सापडली नाही, तर प्रवीण त्यांना ‘येऊ नका’ असं कळवणार होता.

थंडीचे दिवस होते. सकाळची दहाची वेळ, लख्ख ऊन. (हो, झोप पूर्ण झाली होती.) सामान लादल्यावर सायकल कशी चालते ते पाहायचं म्हणून आम्ही मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या बॅगा भरून घेतल्या होत्या. प्रवीणच्या बॅगांत पाणी आणि तंबू. माझ्या बॅगांत आमच्या नव्या पत्रकाचे गठ्ठे – ‘रस्ता फक्त गाडीवाल्यांचा नाही’.

“पत्रकबाई, डोंगरात कोनाले वाटशीन हे? रोह्याले?” प्रवीण.

“नीलगाई तरी वाचतील. तुझ्या तांड्यात तू एकटा वाचतोस.”

असं बोलत आम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलो आणि नेहमीसारखीच वाट संपली. समोर रायमुनियाच्या झुडपांची भिंत, माणसाहून उंच, काटेरी, गच्च. उजवीकडे दगडांचा उभा चढ, जिथून आम्ही दोनदा सायकली वाहिल्या होत्या. प्रवीण तिथल्या एका मोठ्या दगडावर बसला. म्हणाला, “जाऊ दे. मी सांगतो त्यायले, नोका येऊ म्हणून.”

तेवढ्यात वरून घंटा ऐकू आल्या.

बैलांच्या घंटा. एक-दोन नाही, पुष्कळ. त्यांत एक जाड, खर्जातली, सगळ्यांच्या पुढे. आम्हाला वाटलं गुरं उतरताहेत, गुराखी भेटला तर वाट विचारू. पण ऐकता ऐकता प्रवीण उभा राहिला. आवाज सरळ खाली येत नव्हता. डावीकडे लांबवर जायचा, वळायचा, मग उजवीकडे लांबवर, पुन्हा वळायचा. दर वळणाला थोडा खाली. डोंगराच्या अंगावर कुणीतरी सावकाश शिवण घालत यावं तसा.

आणि मग रायमुनियाच्या मागून, अगदी जवळून, वयस्कर पुरुषी आवाज आला.

“काय भरलं?”

आता माझी चूक ऐका. जंगलाची हद्द जवळ होती. मला वाटलं, कुणीतरी वसुलीवाला आहे आणि विचारतोय, पैसे काय भरले, पावती कुठंय. हा तर माझा आवडीचा विषय! मी सायकल दगडाला टेकवली आणि झुडपाकडे तोंड करून सुरू झाले – “काही भरलं नाही! आणि भरणारही नाही! ही लोकांची वाट आहे. आमच्या पणज्यांच्या आधीपासून माणसं इथून चालताहेत. चालायचे पैसे मागता? कुठल्या नियमात आहे, लेखी दाखवा!”

घंटा थांबल्या. मग तोच आवाज, अजिबात न चिडता – उलट मला त्यात किंचित हसू जाणवलं –

“रिते असान, तं डोंगराच्या अंगानं उभे राहा. भरेल येऊन राह्यले.”

प्रवीणनं माझा दंड धरून मला मागे, डोंगराला चिकटवून उभं केलं. का केलं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

आणि ते गेले. आमच्या समोरून, हातभर अंतरावरून. दिसलं काहीच नाही... ऊन तसंच पडलेलं, गवताचं पातंही हललं नाही. पण घंटा एकामागून एक कानाजवळून जात होत्या. जनावराच्या अंगाचा गरम वास, तागाच्या ओल्या गोण्यांचा वास. श्वासाची ऊब माझ्या हाताला लागली. दगडाला टेकवलेल्या माझ्या सायकलची बाहेरच्या बाजूची बॅग कुणी घासून जावं तशी हलली, परत हलली, परत हलली. भीती वाटली का? खरं सांगते, नाही. एखादी मोठी मिरवणूक जाताना आपण आपोआप अंग चोरून, मान खाली घालून उभे राहतो ना, तसं वाटत होतं. शेवटची घंटा नाल्याकडे विरत गेली आणि पाखरं पुन्हा बोलायला लागली. ती गप्प झाली होती, हेही मला तेव्हाच कळलं.

मग प्रवीण हळूच म्हणाला, “ते जिथून उतरले, तिथं वाट असन.”

प्रवीणच्या कोयत्यानं रायमुनिया कापताना आमचा घामटा निघाला. एकही फांदी मोडलेली नव्हती. तिथून शेळीसुद्धा आली नसती. पण त्या जाळीच्या पलीकडे... वाट होती! बैलाच्या दोन्ही अंगांना गोणी असली तरी मावेल एवढी रुंद. दरीच्या कडेला दगड बसवलेले, काही ढासळलेले, बरेच जागच्या जागी. डावीकडे लांबवर जाऊन वळणारी, मग उजवीकडे लांबवर. ज्या शिवणीनं आवाज उतरला होता, तीच.

सायकलवर बसलो आणि बॅगा लादलेल्या असूनही एकदाही न उतरता वर पोचलो. ज्यांनी चढावर लादलेली सायकल मारली आहे त्यांनाच याचा अर्थ कळेल. सबंध डोंगरात एकही चढ अंगावर येत नाही. दम लागणार असं वाटतं तोच वळण येतं आणि वळणावर सपाट जागा. ज्यांनी ही वाट काढली त्यांच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. पण लादलेल्या जनावराला किती झेपतं याची जाण होती, त्याच्याविषयी माया होती. आज आपण रस्ते बांधतो ते कुणाला झेपावं म्हणून? वर माथ्यावर दगडी कुंड होतं, तळाशी स्वच्छ पाणी. मी खाली वाकून माती तपासली. खूर नाही, शेण नाही.

संध्याकाळी तांड्यावर सगळं सांगितलं. सांगण्याआधी आम्ही आपापलं वेगळं लिहून काढलं, हीसुद्धा घरची सवय. सगळं जुळलं, एक सोडून. मी तो आवाज आपल्या वऱ्हाडीत ऐकला होता. प्रवीणनं गोर, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत. मला गोर बोली येत नाही.

याडी भाकर थापता थापता ऐकत होती. घंटांचं ऐकून तिला काही वाटलं नाही, पण माझं भाषण ऐकून तिचा हात थांबला.

“रितं काहून सांगतलं वं पोरी? गोण तं भरेल होती नं तुही?”

तेव्हा कळलं. याडीनं सांगितलं, त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर नेत. लदेणी म्हणत त्याला. अरुंद वाटेत दोन तांडे समोरासमोर आले की आधी हाच प्रश्न – काय भरलं? भरलेल्यानं पुढे जायचं, रित्यानं डोंगराच्या बाजूनं थांबायचं. चढता-उतरता, लहान-मोठा, काही नाही. ज्याच्या पाठीवर ओझं, वाट त्याची. मी आयुष्यात एवढी पत्रकं वाटली, पण रस्त्याचा इतका न्यायाचा कायदा कुठे वाचला नव्हता.

“कागदं होते तिच्यापाशी,” ओट्यावरून विलास म्हणाला. “कागदाचं वजन धरत नसतीन ते.”

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त.

मग याडीनं प्रवीणला एकच विचारलं, “हायवे?”

“नाही लागत, याडी. कुठीच नाही.”

तिनं मान हलवली आणि पिठाचा डबा पुढे ओढला.

पाव्हणे आले त्या सकाळी ती आमच्या सायकलींपाशी आली आणि प्रत्येकाच्या बॅगेत जाड्या मिठाची एकेक पुडी ठेवत गेली. विलासही काठी टेकत आला होता. त्यानं प्रवीणच्या सायकलचं हँडल धरलं, घंटी एकदा वाजवून पाहिली आणि म्हणाला, “परत आल्यावर मले बी बसव, त्या कुंडापर्यंत.” याडीनं ऐकलं. नाही म्हणाली नाही.

मीही शोधलंच. पलीकडच्या खोऱ्यातल्या गुराख्यांना भेटले. त्या दिवशी त्या अंगाला कुणीच आलं नव्हतं. प्रतिध्वनी असेल म्हणून घंटा घेऊन पुन्हा तिथे उभी राहिले. प्रतिध्वनी येतो, पण तो शिवण घालत नाही आणि प्रश्न विचारत नाही. कुणाकडे याहून बरं स्पष्टीकरण असेल तर खाली लिहा. मी मनापासून वाचेन, आणि पटलं तर त्याचंच पत्रक काढेन.

आमच्या पत्रकांच्या गटातले मित्र म्हणतात, बॅगेतली ती मिठाची पुडी काढून टाक. लिंबू-मिरचीशी भांडणारी तू, आणि हे काय? त्यांना मी सांगते, लिंबू-मिरची लोक भीतीनं बांधतात. हे ओझं आहे. त्या वाटेनं मी बरेचदा गेले, घंटा पुन्हा ऐकू आल्या नाहीत. पण पायथ्याच्या दगडापाशी आले की मी थोडी थांबते. कुणी विचारलंच, तर या खेपेला भाषण देणार नाही.

मीठ, म्हणेन. मीठ भरलंय.