वेताच्या खुर्चीतला फोन

मन मोकळं करायला जिच्याकडे गेले, त्या थेरपिस्ट मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की आमचे हे घरातच आहेत, शेजारी बसून चहा घेताहेत. हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आणि मी बोलायला बसले होते ती हे गेल्याबद्दलच. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन दुखरा दात सोडून बाकीची बत्तिशी दाखवावी, तसा हा प्रकार. आज सत्तरी ओलांडल्यावर मला त्यातला मूर्खपणा दिसतो. तेव्हा मी साठीतली पोर होते. अक्कल यायची होती.

इथं कानडी मुलखात, राजाजीनगरातलं आमचं घर बैठं आहे. पुढे जाळी लावलेला व्हरांडा, त्यात ह्यांची वेताची खुर्ची. दुपारी चारला हे तिच्यात येऊन बसायचे, खुर्ची कुरकुरायची आणि ते ऐकून मी आत चहा ठेवायची. ‘चहा कर’ असं ह्यांनी जन्मात कधी म्हटलं नाही. ते काम खुर्चीकडे होतं.

हे गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी चारला खुर्ची कुरकुरली. मी उठले आणि चहा ठेवला. दोन कप. दुसरा खुर्चीजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवला. संध्याकाळी बघितलं तर वर साय धरलेली, कुणी ओठ न लावलेली. मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा, पुन्हा साय.

हे चोरून चालू होतं ते नातीनं पकडलं. ती बेळ्ळंदूरला नोकरी करते आणि रविवारी माझ्याकडे येते.

“अज्जी, हा कप कुणाचा?”

“तुझा.”

“मी कॉफी पिते.”

“मग माझा. हल्ली दोन लागतात.”

तिनं सायीवर बोट टेकवून बघितलं. मग खुर्चीकडे बघितलं. एवढ्यात खुर्ची कुरकुरली. माझा हात आपोआप पदराकडे गेला. नात वाकून जाळीतून बाहेर बघत म्हणाली, “चारला ऊन इथं येतं बघ. वेत तापतो, म्हणून आवाज होतो. सिंपल आहे.”

“सरी, बरं,” मी म्हटलं. ह्यांनाही ऊन आवडायचं, हे मनातच ठेवलं.

“अज्जी, तू कुणाशी तरी बोल. प्रोफेशनल कुणीतरी.”

“का गं? वेड लागलंय मला?”

“स्वल्प,” ती म्हणाली आणि मला जवळ घेतलं. तिचे डोळे भरले होते, म्हणून मी पुढची चेष्टा गिळली.

तिनंच एक मराठी बोलणारी थेरपिस्ट शोधली, बेळगावकडची मुलगी. शिवाजीनगरला तिची खोली होती, आणि फोनवर व्हिडिओनंही ती बोलायची. जायचं की फोनवर बोलायचं, ते मी ठरवायचं होतं. नात म्हणाली, “समोर जा. फोनवर तू थापा मारशील.”

पोरगी मला पुरती ओळखून होती. मी आपली कारणं पुढे केली. गुडघे, रिक्षावाल्यांच्या तऱ्हा, शिवाजीनगरच्या बसस्टँडची गर्दी. “तिथं पोचेपर्यंत मी एक तर बरी होईन, नाही तर तुझ्या आजोबांना भेटेन,” असंही म्हटलं. खरं कारण वेगळंच होतं. मी शिवाजीनगरला असताना इकडे चार वाजले आणि खुर्ची वाजली, तर चहा कोण ठेवणार? म्हणून मी फोन निवडला. वेळ घेतली तीही चारची.

फोन डोळ्यांसमोर येईल असा उभा करायला जागा सापडेना. शेवटी ह्यांच्या खुर्चीत उशी ठेवली, उशीवर फोन, आणि तो खुर्चीच्या पाठीला टेकवला. उंची अगदी बरोबर आली. मी समोर वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःला बघितलं तर गळा ओका दिसला. उठून कपाटातलं मंगळसूत्र काढलं आणि घातलं. कोण बघतंय, म्हटलं. बघणारी समोरच येऊन बसणार होती, एवढंही ह्या शहाणीला सुचलं नाही.

मुलगी बोलायला गोड होती. “आजी, आवाज यायलाय नव्हं माझा? बरं, घरी कोण कोण असतं?”

मी तोंड उघडणार तोच खुर्ची कुरकुरली.

“कोण आलं हो?” तिनं विचारलं.

तो आवाज ऐकून ऊन न म्हणता ‘कोण’ म्हणणारी ही पहिलीच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हे आहेत ना. चहा घेताहेत.”

“असू देत, असू देत. काकांना नमस्कार सांगा.”

मी खुर्चीकडे बघून मान हलवली. पोचला, म्हटलं.

एकदा जिवंत केलेला माणूस मग दर बुधवारी जिवंत ठेवावा लागतो. हे कमी ऐकतात, बाहेर पडत नाहीत, उप्पीटात मटार घातले तर वेचून बाजूला काढतात, असं मी सांगत गेले. त्यात खोटं काहीच नव्हतं, फक्त वर्ष चुकीचं होतं. सुरुवातीला मजा वाटली. पण मी जेवढं सांगायची तेवढं घर भरत चाललं. एका सकाळी मी न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. किती वेळ, कोण जाणे. आत नळाचा आवाज नव्हता, पाण्याचा नव्हता, कुणी नव्हतं. दार उघडायचा धीर होईना. त्या दिवशी माझी मलाच पहिल्यांदा भीती वाटली.

बुधवारी मी खालच्या आवाजात बोलू लागले.

“आजी, हळू का बोलायलाय?”

“हे ऐकतील.”

“ऐकू नये असं काय आहे?”

होतं एकच. ‘गेले’ हा शब्द. घशापर्यंत यायचा आणि समोर ती खुर्ची दिसायची. तिच्यात बसलेल्या माणसाला, तुम्ही गेलात, असं तोंडावर कसं सांगायचं? आणि सांगितलंच, तर दुसऱ्या दिवशी चारला खुर्ची गप्प राहिली तर? साय धरलेला चहा मला चालत होता. पण चार वाजावेत आणि काहीच वाजू नये, ती दुपार माझ्याच्यानं निघाली नसती.

मग एका बुधवारी मुलगी म्हणाली, “आजी, पुढच्या वेळी समोर या. काकांनाही आणा. दोघांशी एकत्र बोलू.”

तो आठवडा मी कसा काढला! ह्यांना ताप आणावा का, मूळव्याध लावून द्यावी का, सगळा विचार करून झाला. पण जीभ उचलेना. आजारी पाडलं, तर हे पुन्हा एकदा मरतील असं वाटायला लागलं. पहिल्या वेळेस दवाखान्याच्या त्या बाकावर बसून झालं होतं माझं. दुसऱ्यांदा बसायची ताकद नव्हती. मुकाट्यानं हो कळवलं.

त्या बुधवारी निघताना व्हरांड्यात थांबले. “येते हं,” म्हटलं. खुर्चीनं काही उत्तर दिलं नाही. चार वाजायचे होते. रिक्षात बसल्यावर दोनदा वाटलं, मागे फिरावं. गळ्यात मंगळसूत्र होतं. बोटानं ते चाचपत राहिले. त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात एक नटलेली म्हातारी सवाष्ण उभी होती, शेजारी कुणी नाही. मी मंगळसूत्र काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

खोलीत तिनं दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. मी आत गेले. ती हसून उठली, माझ्यामागे दाराकडे बघितलं, मग माझ्या गळ्याकडे. मराठी घरातली मुलगी. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं दार तेवढं लोटून घेतलं.

मी एका खुर्चीत बसले. शेजारची रिकामी. मऊ फोमची, नवी. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. मी कान देऊन ऐकलं. खाली हॉर्न वाजत होते, कुणीतरी कन्नडमध्ये केळी विकत होतं. खुर्ची गप्प होती. कितीतरी वेळ मी त्या गप्प खुर्चीकडे बघत राहिले आणि मग आपसूक म्हटलं, “हे गेले.”

पुढे मी बरंच रडले. ते लिहीत नाही. नाक शिंकरताना बाई फार कुरूप दिसते.

रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, “मग तो आवाज कशाचा होता, आजी? माझ्या अगदी कानाशी यायचा.”

“खुर्चीचा. फोन मी ह्यांच्या खुर्चीतच ठेवत होते.”

तिनं माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. इतके दिवस ती कुठं बसून माझ्याशी बोलत होती, ते तिला उमगत असावं. मी भीत भीत विचारलं, “आता तो आवाज बंद होईल का गं?”

“ते मला नाही सांगता यायचं,” ती म्हणाली. “पुढचं कसं करायचं? इथं येताय, का फोनवरच?”

गुडघ्यांकडे बघून मी म्हटलं, “फोनवर. पण आता थापा मारणार नाही.”

त्यावर ती म्हणाली, “चालेल की. पण ती खुर्ची काकांची आहे, आजी. पुढच्या वेळी मला दुसरीकडे कुठंतरी बसवा.”